उबुंटूवरून फेडोरावर: पॅकेज बसतं, मग काम कुठे अडतं?

उबुंटू लिनक्सवरून फेडोरा लिनक्सवर आलेल्या माणसाला पहिला हिसका एंटरच्या बटणाचा बसतो. 'सुडो डीएनएफ इन्स्टॉल जिम्प' टाकलं, यादी आली, खाली प्रश्न आला, सवयीनं एंटर दाबला आणि काहीच बसलं नाही. ॲप्टच्या, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या, प्रश्नात 'वाय' कॅपिटल असतो, त्यामुळे नुसतं एंटर म्हणजे 'हो'. डीएनएफमध्ये, म्हणजे फेडोराच्या तशाच साधनात, 'एन' कॅपिटल असतो, त्यामुळे नुसतं एंटर म्हणजे 'नको'. वाय दाबून मगच एंटर दाबायचं. हे फारच खुपत असेल तर डीएनएफ डॉट कॉन्फ या फाइलमध्ये 'डिफॉल्टयेस=ट्रू' अशी ओळ घालता येते. मी मात्र घालू नका म्हणेन. त्या प्रश्नाच्या वर जी यादी येते ती वाचायला लावणारा तेवढा एकच अडथळा आहे, आणि फेडोरावर ती यादी वाचणाऱ्याचे बरेच तास वाचतात.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाकायच्या.)

दुसरी सवय 'अपडेट'ची. ॲप्टमध्ये 'अपडेट' म्हणजे फक्त पॅकेजांची यादी ताजी करणं. प्रत्यक्ष नवी आवृत्ती 'अपग्रेड' आणतं. डीएनएफमध्ये हे दोन्ही शब्द एकाच कामाचे आहेत. 'डीएनएफ अपडेट' टाकून वाय दाबलंत तर अख्खी सिस्टीम अपग्रेड होते. यादी ताजी करायला वेगळी कमांड लागत नाही, कारण डीएनएफ ती मुदत संपली की आपणहून उतरवतो. मूळ रेपोच्या (पॅकेजं जिथून उतरतात त्या साठ्याच्या) यादीची मुदत ७ दिवस असते, अपडेटच्या रेपोची ६ तास. एखादं पॅकेज नुकतंच आलंय असं कळलं आणि तुमच्याकडे दिसत नसेल तर '--रिफ्रेश' जोडा, बास. नुसतं काय काय आलंय ते बघायचं असेल तर 'डीएनएफ चेक-अपग्रेड'.

जुने लेख वाचून कमांड टाकणाऱ्यांसाठी एक धोका आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या फेडोरा ४१ पासून डीएनएफची पाचवी पिढी आली आणि बऱ्याच कमांडची मांडणी बदलली. 'ग्रुपइन्स्टॉल' हा जोडशब्द गेला, आता 'ग्रुप' आणि 'इन्स्टॉल' वेगवेगळे लिहायचे. 'कॉन्फिग-मॅनेजर --ॲड-रेपो' च्या जागी 'कॉन्फिग-मॅनेजर ॲडरेपो --फ्रॉम-रेपोफाइल=' असं लिहावं लागतं. २०२० च्या एखाद्या ब्लॉगवरून जशीच्या तशी उचललेली कमांड 'अननोन आर्ग्युमेंट' म्हणून परत आली, तर दोष बहुतेक वेळा लेखाच्या वयाचा असतो, तुमच्या मशीनचा नाही.

नाव सापडत नाही तेव्हा

कुठल्याही प्रोजेक्टच्या सूचनेत 'लिबएसएसएल-डेव्ह बसवा' असं लिहिलेलं असतं. फेडोरावर ते टाकलं की 'नो मॅच फॉर आर्ग्युमेंट'. पॅकेज आहे, नाव निराळं आहे. डेबियनकडे (उबुंटू त्याच्यावरच उभं आहे) हेडर फाइलींच्या, म्हणजे कंपाइल करताना लागणाऱ्या फाइलींच्या, पॅकेजच्या शेवटी 'डेव्ह' येतं, फेडोराकडे 'डेव्हेल'. शिवाय डेबियन लायब्ररीच्या नावावरून नाव ठेवतो आणि फेडोरा सहसा मूळ प्रोजेक्टच्या नावावरून. म्हणून लिबएसएसएल-डेव्ह इथे ओपनएसएसएल-डेव्हेल होतं, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह हे एसक्यूलाइट-डेव्हेल, पायथन३-डेव्ह हे पायथन३-डेव्हेल. अपाची२ हा वेब सर्व्हर इथे एचटीटीपीडी आहे. सी++ चा कंपायलर जीसीसी-सी++ या नावाखाली मिळतो. बिल्ड-इसेन्शियल नावाचं काही नाही. जीसीसी, जीसीसी-सी++ आणि मेक ही तीन टाकली की बहुतेक काम भागतं.

अशा जोड्या पाठ करत बसू नका. डीएनएफला फाइलच्या नावावरून विचारता येतं. समजा 'डिग' ही कमांड हवी आहे आणि ती कुठल्या पॅकेजात आहे ते माहीत नाही. 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' लिहून पुढे डिगचा पूर्ण पत्ता द्या, म्हणजे यूएसआर, बिन आणि डिग तिरप्या रेघांनी जोडून. उत्तर येतं बाइंड-युटिल्स. फाइल कुठल्या फोल्डरात आहे तेही माहीत नसेल तर पत्त्याच्या जागी तारांकन, तिरपी रेघ आणि फाइलचं नाव लिहून सगळं एकेरी अवतरणात ठेवा. अवतरण विसरलात तर तारांकनाचा अर्थ शेल आपल्या परीनं लावतो. पहिल्यांदा ही कमांड थोडा वेळ घेते. कारण फेडोरा ४० पासून सगळ्या फाइलींची मोठी यादी आधीच उतरवून ठेवलेली नसते, गरज पडली तरच येते.

कंपाइल करताना 'पीकेजी-कॉन्फिग'नं अमुक लायब्ररी सापडली नाही अशी तक्रार केली, तर त्याहून सोपी वाट आहे. पॅकेजच्या नावाऐवजी 'पीकेजीकॉन्फिग' लिहून कंसात त्या लायब्ररीचं नाव द्या, पूर्ण शब्द अवतरणात ठेवा आणि तेच डीएनएफ इन्स्टॉलला द्या. योग्य डेव्हेल पॅकेज तो स्वतः शोधून बसवतो. ही सोय ठाऊक नसल्यामुळे लोक नावं शोधत तासभर घालवतात.

उलट दिशेचे प्रश्न आरपीएमला, म्हणजे डीएनएफच्या खाली चालणाऱ्या साधनाला, विचारायचे. ही फाइल कुणी आणली, तर 'आरपीएम -क्यूएफ' आणि फाइलचा पत्ता. या पॅकेजनं काय काय टाकलं, तर 'आरपीएम -क्यूएल' आणि पॅकेजचं नाव. बसवण्यासाठी मात्र थेट आरपीएम वापरू नका, ते अवलंबित पॅकेजं आणून देत नाही. उतरवलेली आरपीएम फाइलसुद्धा डीएनएफनंच बसवायची, फक्त पॅकेजच्या नावाऐवजी फाइलचा पत्ता द्यायचा.

बसलं, पण चालत नाही

खरी गंमत इथून पुढे आहे. डेबियन आणि उबुंटूचं धोरण असं की सर्व्हरचं पॅकेज टाकलं की तो लगेच चालूही होतो. फेडोराचं धोरण याच्या उलट: टाकणं हा एक निर्णय, चालू करणं दुसरा, बाहेरच्यांना दार उघडणं तिसरा. मला हे धोरण जास्त पटतं, पण आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस पॅकेजलाच बिघडलेलं समजतो.

वेब सर्व्हर घ्या. एचटीटीपीडी बसवलं, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडलं तर 'अनेबल टू कनेक्ट'. 'सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाउ एचटीटीपीडी' केल्यावर पान दिसतं. 'एनेबल'मुळे तो प्रत्येक वेळी मशीनबरोबर सुरू होईल, '--नाउ'मुळे आत्ताही सुरू झाला. आता तेच पान घरच्या वायफायवरच्या मोबाइलवरून उघडून बघा. उघडणार नाही, कारण मध्ये फायरवॉल आहे. लोकलहोस्टची रहदारी तिच्याकडे अडत नाही, म्हणून स्वतःच्या मशीनवर सगळं ठीक वाटतं. 'सुडो फायरवॉल-सीएमडी --पर्मनंट --ॲड-सर्व्हिस=एचटीटीपी' आणि त्यानंतर 'सुडो फायरवॉल-सीएमडी --रीलोड', दोन्ही लागतात. रीलोड विसरलं तर नियम लिहिला जातो, लागू होत नाही.

यात आणखी एक वळण. फेडोरा वर्कस्टेशनच्या फायरवॉलच्या नेहमीच्या झोनमध्ये (नियमांच्या संचात) १०२५ ते ६५५३५ पर्यंतचे पोर्ट उघडेच असतात. म्हणजे ८०८० वर चालवलेला प्रयोग मोबाइलवर लगेच दिसतो आणि ८० वरचा दिसत नाही. ज्यांना हे ठाऊक नसतं ते अपाचीच्या सेटिंगमध्ये दोष शोधत राहतात. फेडोरा सर्व्हरचा झोन वेगळा आणि बराच कडक आहे. तेव्हा वर्कस्टेशनवर जमलं ते सर्व्हरवर आपोआप जमेल असं धरू नका.

पान दिसायला लागलं, आता स्वतःच्या फाइली टाकू. होम फोल्डरातून 'एमव्ही'नं सगळं व्हार, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, एचटीएमएलमध्ये हलवलं. परवानग्या ७५५ आणि ६४४, मालक बरोबर, तरी ४०३ फॉरबिडन. हे काम एसईलिनक्सचं, म्हणजे नेहमीच्या परवानग्यांवरच्या आणखी एका सुरक्षा पहाऱ्याचं. प्रत्येक फाइलला एक लेबल असतं, 'एलएस -झेड' केलं की दिसतं. होममध्ये जन्मलेल्या फाइलीचं लेबल 'युजर_होम_टी' असतं आणि 'एमव्ही' ते लेबल सोबत घेऊन जातो. वेब सर्व्हरला मुभा आहे ती 'एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी' लेबलच्या फाइली वाचायची. 'सीपी'नं नक्कल केली असती तर नव्या फाइलीला त्या फोल्डराचं लेबल लागलं असतं आणि प्रश्न आलाच नसता. उपाय एका ओळीचा: 'सुडो रिस्टोरकॉन -आरव्ही' आणि पुढे त्या फोल्डराचा पत्ता. कुठल्या फाइलीचं लेबल काय होतं आणि काय झालं ते तो एकेक ओळीत छापतो.

याच कुळातली दुसरी तक्रार इंजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरची. तो मागे चालणाऱ्या नोड किंवा जँगोच्या ॲपकडे विनंत्या पाठवायला ठेवला की ५०२ बॅड गेटवे. मागचं ॲप धडधडीत चालू असतं, पण वेब सर्व्हरला स्वतःहून नेटवर्क जोडणी करायची मुभा मुळात बंद असते. 'सुडो सेटसीबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट ऑन' केलं की सुरळीत. -पी मधला पी कॅपिटल हवा. तो नसेल तर रीबूटनंतर पुन्हा ५०२. नक्की एसईलिनक्सनंच अडवलंय का हे बघायला 'सुडो एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रिसेंट'. तिथं नकाराची नोंद असेल तर ती वाचा, नसेल तर दोष दुसरीकडे शोधा. जिथं तिथं 'एसईलिनक्स बंद करा' असा सल्ला मिळतो. तो आळसाचा सल्ला आहे. फक्त तपासापुरतं 'सुडो सेटएन्फोर्स ०' करून बघणं ठीक, लगेच परत १ करायचं.

अपाचीच्या सेटिंगची जागाही बदलते. साइट्स-अव्हेलेबल नाही, ए२एनसाइट नाही. ईटीसीच्या एचटीटीपीडीमध्ये कॉन्फ डॉट डी हा फोल्डर आहे, त्यात शेवटी 'डॉट कॉन्फ' असलेली फाइल टाका आणि सर्व्हिस रीलोड करा.

पोस्टग्रेस हा डेटाबेस याहून हट्टी. 'पोस्टग्रेसक्यूएल-सर्व्हर' टाकून सर्व्हिस सुरू करायला गेलात तर ती सुरूच होत नाही, कारण डेटाचा फोल्डर अजून तयार नाही. उबुंटूनं तो इन्स्टॉल करतानाच करून दिलेला असतो. इथे आधी 'सुडो पोस्टग्रेसक्यूएल-सेटअप --इनिटडीबी' एकदा चालवायचं, मग सिस्टमसीटीएल. त्यानंतर ॲप पासवर्ड देऊन जोडायला गेलं की 'आयडेंट ऑथेंटिकेशन फेल्ड'. पासवर्ड बरोबर असूनही हे येतं, कारण पासवर्ड विचारायचाच नाही असं सेटिंग आहे. व्हार, लिब, पीजीएसक्यूएल, डेटा या फोल्डरात 'पीजी_एचबीए डॉट कॉन्फ' आहे. तिच्यातल्या 'होस्ट'च्या ओळींत 'आयडेंट' काढून 'स्क्रॅम-शा-२५६' लिहा आणि सर्व्हिस रीलोड करा.

व्हिडिओ, आयफोनचे फोटो आणि तिसऱ्याच्या रेपो

फेडोरामध्ये काही गोष्टी मुद्दाम नसतात. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं असलं तरी ते पेटंटच्या कचाट्यात असेल तर फेडोरा ते देत नाही. एमपी३ ची पेटंटं २०१७ मध्ये संपली, तेव्हा तो प्रश्न मिटला. एच.२६४ या व्हिडिओ प्रकारासाठी सिस्कोनं पुरवलेलं ओपनएच२६४ एका वेगळ्या रेपोतून मिळतं. एच.२६५ तसंच राहतं. म्हणून सोबत येतो तो 'एफएफएमपेग-फ्री', म्हणजे काही कोडेक (व्हिडिओ-ऑडिओ उलगडणारे भाग) वगळलेला एफएफएमपेग. आयफोनवरचे व्हिडिओ आवाज ऐकवतात आणि चित्र दाखवत नाहीत, ते यामुळे.

यासाठी आरपीएम फ्यूजन नावाचा रेपो आहे. त्याचे दोन भाग, फ्री आणि नॉनफ्री. त्यांच्या साइटवर कॉन्फिगरेशनचं पान आहे, तिथली कमांड कॉपी करूनच टाका. त्या लांब पत्त्यात फेडोराची आवृत्ती आपोआप भरली जाते, हातानं टाइप करताना हमखास चुकते. रेपो आल्यावर 'सुडो डीएनएफ स्वॅप एफएफएमपेग-फ्री एफएफएमपेग --अलाउइरेझिंग'. इथे 'इन्स्टॉल' चालत नाही, कारण दोन्ही पॅकेजं एकमेकांना विरोध करतात. एक काढून दुसरं एकाच व्यवहारात घालावं लागतं. आयफोनचे हीक फोटो उघडायला त्याच रेपोतलं 'लिबहीफ-फ्रीवर्ल्ड' लागतं.

'--अलाउइरेझिंग' हा पर्याय इथे योग्य आहे म्हणून इतरत्र सरसकट लावू नका. अधूनमधून असं होतं की फेडोरानं एखादी लायब्ररी पुढे नेली आणि आरपीएम फ्यूजनची जुळणी अजून व्हायची आहे. अपग्रेड करताना 'नथिंग प्रोव्हाइड्स' अशी ओळ येते आणि डीएनएफ स्वतःच सुचवतो की '--अलाउइरेझिंग' किंवा '--स्किप-ब्रोकन' लावून बघा. पहिल्यानं तुमचे कोडेक उडू शकतात. अशा वेळी एक-दोन दिवस थांबायचं, तोवर दोन्ही रेपो जुळतात. घाईच असेल तर वाय दाबण्याआधी 'रिमूव्हिंग' या मथळ्याखाली काय आहे ते वाचा.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर नॉनफ्रीमधून 'अकमॉड-एनव्हिडिया'. डीएनएफचं काम संपलं म्हणजे ड्रायव्हर तयार झाला असं नाही. तो मागे कंपाइल होत असतो, त्याला काही मिनिटं लागतात. लगेच रीबूट केलं की काळा पडदा. 'मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया' नं आकडा दाखवला की मग रीबूट करा (एफ कॅपिटल). सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर लोडच होत नाही. ड्रायव्हर टाकण्याआधी 'केमॉडजेनसीए -ए' नं किल्ली बनवा आणि 'मोकयुटिल --इम्पोर्ट' नं तिची नोंदणी मागा. तेव्हा एक तात्पुरता पासवर्ड विचारला जातो. पुढच्या रीबूटला निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा काही सेकंदच थांबतो. हुकला तर इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं.

कॉपर म्हणजे फेडोराचं पीपीए. कुणीही तिथे पॅकेज ठेवू शकतो आणि फेडोराचे लोक ते तपासत नाहीत. एखाद-दुसऱ्या प्रोग्रामसाठी ठीक. कर्नल किंवा मेसा (ग्राफिक्सचा भाग) कॉपरमधून घेऊ नका. एक लक्षात असू द्या: कॉपर बंद केलं तरी त्यातून आलेली पॅकेजं मशीनवर तशीच राहतात, फक्त त्यांचे अपडेट थांबतात.

फ्लॅटपॅक, म्हणजे लागणारं बरंचसं सोबत घेऊन येणारं पॅकेज, याबद्दल थोडक्यात. सॉफ्टवेअर सेंटरमध्ये एकच प्रोग्राम तीन ठिकाणांहून दिसू शकतो: आरपीएम, फेडोराचा स्वतःचा फ्लॅटपॅक आणि फ्लॅटहब हा फ्लॅटपॅकचा सामायिक साठा. वरच्या बाजूला स्रोत निवडायची जागा असते, तिकडे बघितल्याशिवाय इन्स्टॉल दाबू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत ओबीएस स्टुडिओ या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामच्या मंडळींनी फेडोराच्या फ्लॅटपॅकबद्दल जाहीर आक्षेप घेतला होता, तो याच गोंधळातून: लोक बसवायचे एक आणि तक्रार घेऊन जायचे दुसऱ्याकडे. व्हिडिओशी संबंधित काहीही असेल तर मी फ्लॅटहब निवडेन, कारण तिथे कोडेक सोबत येतात. टर्मिनलची साधनं आणि सर्व्हर मात्र आरपीएमनंच.

मराठीसाठी

'सुडो डीएनएफ इन्स्टॉल लँगपॅक्स-एमआर' हे एक छोटं पॅकेज टाका. मशीनवर लिबरऑफिस असेल तर त्याचा मराठी भाग आपोआप सोबत येतो. ही जोडणी ज्या यंत्रणेतून होते तिला वीक डिपेंडन्सी म्हणतात. जागा वाचवण्यासाठी कुणाच्या सल्ल्यानं 'इन्स्टॉल_वीक_डेप्स=फॉल्स' करून ठेवलं असेल तर इथे नुसतं लँगपॅकचं रिकामं नाव बसतं आणि मराठी कुठेच दिसत नाही. टायपिंगसाठी 'आयबस-एम१७एन' टाका, एकदा लॉगआउट करून परत या आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडा. लॉगआउट केल्याशिवाय ते यादीत येईलच असं नाही.

काढताना आणि मागे फिरताना

'डीएनएफ रिमूव्ह' ॲप्टपेक्षा जास्त झाडू मारतो. त्या पॅकेजसाठी जे इतर काही आलं होतं तेही, आता कुणाला लागत नसेल तर, त्याच फटक्यात काढतो. बहुतेक वेळा हवं तेच होतं. पण यादीत ओळखीचं नाव दिसलं तर थांबा, आणि 'डीएनएफ मार्क युजर' लिहून त्या पॅकेजवर 'हे मला हवंय' अशी खूण करा.

ॲप्टवरून आलेल्याला खरोखर आवडेल अशी एक सोय इथे आहे. 'डीएनएफ हिस्टरी लिस्ट' नं प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक दिसतो. 'डीएनएफ हिस्टरी इन्फो' आणि तो क्रमांक दिला की त्यात काय आलं, काय गेलं ते दिसतं. 'सुडो डीएनएफ हिस्टरी अनडू' आणि क्रमांक दिला की तो व्यवहार उलटा फिरतो. प्रयोग म्हणून टाकलेली वीस-पंचवीस पॅकेजं एकदम काढायला यासारखं दुसरं साधन नाही. मोठा अपग्रेड उलटवायला मात्र याचा भरवसा धरू नका. अपडेटच्या रेपोत जुन्या आवृत्त्या राहत नाहीत, त्यामुळे परत जायला पॅकेजच सापडत नाही. कर्नलची चिंता नको: तीन कर्नल ठेवलेले असतात, नवा रुसला तर ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या, यादीतून आधीचा निवडायचा.

सेटिंगच्या फाइलींचंही धोरण निराळं. तुम्ही बदललेली फाइल आणि पॅकेजची नवी फाइल यांत ठेवू कुठली, असं ॲप्ट थांबून विचारतो. डीएनएफ विचारत नाही. बहुधा तुमची फाइल तशीच ठेवतो आणि नवी 'आरपीएमन्यू' अशी शेपटी लावून शेजारी टाकतो. महिनोन्‌महिने तिकडे कुणी बघत नाही, मग एखादी सर्व्हिस जुन्या सेटिंगवर अडते. 'आरपीएमकॉन्फ' नावाचं पॅकेज टाका आणि मोठ्या अपग्रेडनंतर 'सुडो आरपीएमकॉन्फ -ए' चालवा. तो एकेक जोडी समोर ठेवून फरक दाखवतो.

मोठा अपग्रेड टाळता येत नाही, कारण फेडोराची आवृत्ती साधारण दर ६ महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला सुमारे १३ महिने अपडेट मिळतात. एक आवृत्ती गाळून पुढच्या पुढच्या आवृत्तीवर गेलं तरी चालतं. आधी 'सुडो डीएनएफ अपग्रेड --रिफ्रेश', रीबूट, मग 'सुडो डीएनएफ सिस्टम-अपग्रेड डाउनलोड --रिलीजव्हर=' आणि हवा तो आकडा. इथे अडलं तर बहुतेक वेळा कारण तिसऱ्याच्या रेपोत असतं: एखाद्या कॉपरनं नव्या आवृत्तीसाठी पॅकेजच बनवलेलं नसतं. तेवढं कॉपर बंद करा, त्यातलं पॅकेज काढा आणि पुन्हा डाउनलोड चालवा. पोस्टग्रेस असेल तर या पायरीच्या आधी 'पीजी_डंपऑल' नं डेटाची प्रत काढून ठेवा. नव्या फेडोराबरोबर पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती बदलली तर सर्व्हिस जुना डेटा उघडायला नकार देते. मग 'पोस्टग्रेसक्यूएल-अपग्रेड' हे पॅकेज टाकून 'पोस्टग्रेसक्यूएल-सेटअप --अपग्रेड' चालवावं लागतं.